फ्रीझरला भोक पाडू नका : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा हातात चहा होता, त्यामुळे नीट वाचली. मिशिगनमधल्या आमच्या तळघरात आडव्या फ्रीझरचं तीन तोट्यांचं बिअरयंत्र (आत बिअरची पिंपं, बाहेर तोटी उघडली की गार बिअर) मी कसं बनवलं, त्या लेखावर तुमचे चार आक्षेप आहेत. उणे 18 ला चालणारं यंत्र 4 अंशांवर राबवलं तर कॉम्प्रेसर लवकर जाईल. उभा फ्रिज घेतला असता तर सुतारकाम वाचलं असतं. फेसाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. आणि ‘बाजूला भोक पाडलं तरी चालतं’ हे माझं वाक्य धोकादायक आहे.

शेवटचा आधी घेतो, कारण तिथे माझी सपशेल चूक आहे. आडव्या फ्रीझरच्या पाठीला बहुतेक वेळा जाळी दिसत नाही. गरम गॅसची नळी पत्र्याच्या मागे भिंतीतच फिरवलेली असते आणि आतल्या अंगाने थंड नळी. ड्रिल कशावर बसणार हे बाहेरून कळत नाही. नवीन फ्रीझरमध्ये बऱ्याचदा आयसोब्युटेन भरलेला असतो, म्हणजे लायटरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ. मी बिअरला दाब देणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची नळी आत घ्यायला एक भोक पाडलं आणि ते नशिबाने कोरडं निघालं. ते नशीब मी पद्धत म्हणून छापलं! वाक्य काढून टाकलंय. झाकण आणि पेटी यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवायची ती याचसाठी, म्हणजे तोट्या, नळ्या, वायर सगळं लाकडातून जातं आणि फ्रीझरला ओरखडाही येत नाही.

कॉम्प्रेसरचं मात्र मला पटत नाही. उणे 18 राखायला त्याला जेवढं राबावं लागतं त्याच्या निम्म्यानेही 4 अंशांवर राबावं लागत नाही. माझा तासातली बरीच मिनिटं गप्प असतो. तो मरतो तो सारख्या चालू-बंदने. म्हणून बाहेरचा तापमान-नियंत्रक लागतो, आणि त्याचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवायचा नाही. केगच्या, म्हणजे बिअरच्या पिंपाच्या, अंगाला चिकटवून वरून स्पंजची पट्टी बांधायची. हवा झाकण उघडताच तापते, 19 लिटर बिअर तापायला वेळ लागतो. चालू-बंदमध्ये निदान 5 मिनिटांची सक्तीची विश्रांती ठेवा. एक मेख आहे. या फ्रीझरच्या भिंतीच थंड होतात, त्यामुळे कॉम्प्रेसर थांबला तरी पारा थोडा उतरतच राहतो. 3 वर लावलं तर 2 दिसेल, घाबरू नका. बिअर गोठायला उणे 2-3 पर्यंत जावं लागतं. (तसं करायचंच असेल तर यंत्र गॅरेजमध्ये ठेवून जानेवारीची वाट बघा.)

आता फेस. इथे तुम्ही वर्मावर बोट ठेवलंत. पहिल्या शनिवारी क्रिकेट आटोपून आलेल्या चार मित्रांसमोर मी तोटी उघडली आणि ग्लासात तीन बोटं बिअर, वर पांढरा डोंगर. दुसरा ग्लास तसाच, तिसरा तसाच. एकजण म्हणाला, “अरे, धुण्याचं मशीन जोडलंयस का याला?” लेखात मी फोटो टाकला तो अकराव्या ग्लासाचा.

कारणं दोन निघाली. नळी मी 5 फुटांची घेतली होती. 12 पीएसआय (चौरस इंचाला 12 पौंड) दाबाला नळीच्या लांबीच्या कोष्टकात तेवढी पुरते, पण ती कोष्टकं बारसाठी असतात, जिथे मिनिटाला एक गॅलन ओतायची घाई असते. घरी 3/16 इंच आतल्या व्यासाची 10 फूट नळी लावली तेव्हा बिअर शहाण्यासारखी उतरली. दाब कमी करून फेस मोडू पाहू नका. त्या दिवसापुरतं बरं वाटतं आणि आठवड्यात बिअरमधला गॅस उतरून ती बेचव होते. दुसरं कारण थंडीचं. थंड हवा तळाशी बसते, चौकटीपाशी तोट्यांना ऊब लागते, आणि गार बिअर उबदार धातूतून गेली की फसफसते. कॉम्प्युटरमधला जुना पंखा तळाशी वर तोंड करून बसवला. माझा खर्च शून्य, कारण बायकोचा जुना डेस्कटॉप त्यात शहीद झाला.

तुम्ही विचारलं नाहीत, पण लेखात सुटलेली याहून मोठी गोष्ट सांगतो. एका रात्रीत माझा 5 पौंडांचा गॅसचा सिलिंडर रिकामा झाला, केगच्या झाकणाची रबरी रिंग नीट बसली नव्हती म्हणून. सकाळी फ्रीझरचं झाकण उघडून वाकलो आणि सोड्याचा घोट नाकात गेल्यासारखा झटका बसला. कार्बन डायऑक्साइड जड, पेटीत साठून राहतो. आधी झाकण उघडायचं, दोन पावलं मागे व्हायचं, मग वाकायचं. सांध्यांवर साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघायचे. आणि घरात लहान मुलं असतील तर कुलूप.

उभ्या फ्रिजबद्दल अर्धं मान्य. दाराला भोक पाडणं सोपं, तिथे नळ्या नसतात. पण तळाशी कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो, त्यामुळे तिसरा केग आत जाता जात नाही. तुमचा खरा मुद्दा तुम्ही लिहिलाच नाहीत, तो म्हणजे कंबर. भरलेला केग 23-24 किलोचा, तो चौकटीवरून आत उतरवायचा. चाळिशीनंतर हा खेळ नाही. चौकट पेटीऐवजी झाकणाला जोडली तर ती झाकणासोबत वर जाते आणि उचल सात-आठ इंचांनी कमी होते. मी पेटीला सिलिकॉनने पक्की चिकटवून बसलोय, भोगतोय.

त्याच लेखाखाली पुण्याहून एकाने ‘इथे करता येईल का’ असं विचारलंय. यंत्र करता येईल, आत भरायची बिअर घरी बनवता येणार नाही. महाराष्ट्रात त्याला परवाना लागतो. इथे अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरातल्या दोन प्रौढांना मिळून वर्षाला 200 गॅलन चालतात, तेही विकायला नाही. तरी मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांना ते मान्य करायला 2013 उजाडलं.

तुमचा फ्रिज सहा वर्षं बिनतक्रार चालू आहे म्हणता. मग दाराच्या तोट्यांना नळी किती फुटांची लावलीत, आणि दार उघडता-मिटता ती चिमटत कशी नाही, तेवढं लिहा. माझा पुढचा त्यातलाच असेल.