‘बी’मध्ये किती उरले? सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या ‘सी’ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. एफ.ई.च्या, म्हणजे त्याच पहिल्या वर्षाच्या, मुलांना बावीस वर्षं प्रोग्रॅमिंग शिकवलेल्या माणसाचा राग आहे तो. दोन ओळींत ‘धन्यवाद’ लिहून मोकळं होणं मला पटेना, म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सरांचं म्हणणं असं, की मी शिक्षकांवर अन्याय केला. जर्नल (प्रॅक्टिकलची वही) दुसऱ्याचं बघून उतरवून काढा असं शिक्षक सांगत नाहीत, मुलं आळसाने उतरवतात. साठातल्या दहाजणांना हा विषय पहिल्या पंधरवड्यातच कळतो, उरलेल्या पन्नासांना शेवटपर्यंत कळत नाही, कारण त्याला ‘उपजत डोकं लागतं’ आणि इंग्लंडमधल्या प्राध्यापकांनी चाचणी घेऊन हे दाखवून दिलं आहे. शिवाय आता एआय कोड लिहून देतं, मग त्या पन्नासांना छळायचं कशासाठी?

पहिली गोष्ट मान्य करते. ‘शिकवणाऱ्यांनाच येत नव्हतं’ हे माझं वाक्य चुकीचं होतं. ते मी लेखातून काढलं आहे आणि काढल्याची नोंद खाली ठेवली आहे. वीस-वीसच्या तीन बॅचेस, दोन तासांचं प्रॅक्टिकल, त्यात तीन-चार पीसी बंद, परीक्षेआधी सगळी युनिट्स संपवायची आणि सबमिशनच्या आठवड्यात साठ जर्नलं तपासून सह्या करायच्या. यात एकेका मुलाजवळ बसायला वेळ कुठून येणार? हे मला तेव्हाही दिसत होतं. लिहिताना मी ते विसरले.

पण ‘उपजत डोकं’ हे मी मान्य करणार नाही, सर. तुम्ही म्हणता ती चाचणी मला माहीत आहे, कारण त्यातला प्रश्न माझ्या स्वतःच्या आयुष्यात येऊन गेला आहे.

मिडलसेक्स विद्यापीठातले सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांचा तो २००६ सालचा निबंध. प्रोग्रॅमिंगचा एकही तास न झालेल्या मुलांना त्यांनी साधे प्रश्न दिले होते. ए म्हणजे १०, बी म्हणजे २०. पुढची ओळ : ए = बी. आता ए किती, बी किती? उत्तरांवरून कोणाला प्रोग्रॅमिंग जमेल आणि कोणाला नाही हे आधीच सांगता येतं, असा त्यांचा दावा होता आणि वर्गाला त्यांनी दोन मदारींच्या (पाठीवरच्या उंचवट्यांच्या) उंटाची उपमा दिली होती : गुणांच्या आलेखात जमणाऱ्यांचा एक उंचवटा, न जमणाऱ्यांचा दुसरा. निबंध इंटरनेटवर खूप फिरला. पण पुढचा भाग तितका फिरला नाही. २०१४ साली बोर्नाट यांनी स्वतः तो दावा जाहीरपणे मागे घेतला. आपल्याला अशी कुठलीही कलचाचणी सापडलेली नव्हती, असं त्यांनी लिहून टाकलं. एका प्राध्यापकाने एवढ्या उघडपणे चूक कबूल करावी याबद्दल मला त्यांच्याविषयी आदरच वाटतो.

दुसरं असं, की मदारी दोन आहेत का हेसुद्धा लोकांनी मोजून पाहिलं आहे. एलिझाबेथ पॅटित्सास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली कॅनडातल्या एका मोठ्या विद्यापीठाच्या संगणकशास्त्र अभ्यासक्रमांचे ७७८ निकाल, म्हणजे ७७८ वर्गांच्या गुणांचे आलेख, तपासले. त्यांतले जेमतेम ५.८ टक्के निकाल एकाहून अधिक उंचवटे असलेले निघाले. बाकीच्या ठिकाणी मधली मुलं होती, भरपूर होती. त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार लागली : मोघम आकाराचे आलेख शिक्षकांसमोर ठेवले, तेव्हा ‘हे उपजत असतं’ असं मानणाऱ्यांना त्यांत दोन उंचवटे दिसण्याची शक्यता जास्त होती. तुमच्या साठातले ते दहा आणि पन्नास आठवताना हे एकदा मनात आणून बघाल का?

आता माझी गोष्ट. २००१ साल, मराठवाड्यातलं एक कॉलेज. दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरी कॉम्प्युटर नाही. ओरलला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, मला हाच प्रश्न विचारला : ए १०, बी २०, ए = बी, सांग आता. मी म्हणाले, ए वीस, बी शून्य. ते हसले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा रोल नंबर बोलावला. त्या सत्रात मला विषयाची केटी लागली, म्हणजे नापास होऊन तो विषय पुन्हा द्यायची वेळ आली.

माझं उत्तर चुकलं, पण ते हवेतून आलं नव्हतं. आम्हाला व्हेरिएबल (ए, बी अशा नावाची, आकडा ठेवायची जागा) शिकवताना वाटीचं उदाहरण दिलं होतं. एका वाटीत दूध, एका वाटीत ताक, अदलाबदल करायची तर तिसरी रिकामी वाटी हवी. अदलाबदलीसाठी उदाहरण फार छान आहे, तिसरं व्हेरिएबल कशाला लागतं ते त्यातून पटकन कळतं. पण वाटीतलं दूध ओतलं की वाटी रिकामी होते ना! मी बीमधलं सगळं एमध्ये ओतलं आणि बीमध्ये काही उरलं नाही. यंत्र ओतत नाही. ते बीकडे बघतं आणि तिथला आकडा एच्या जागी लिहितं. एचा जुना आकडा पुसला जातो, बीला धक्काही लागत नाही, म्हणजे दोन्ही वीस. हे एक वाक्य मला कोणी सांगितलं असतं तर माझं वर्ष वाचलं असतं. देहनादींनी तपासलेल्या मुलांमध्येही ‘एकातून दुसऱ्यात ओतायचं’ असं समजून उत्तर देणारी मुलं होती. सात समुद्रांपलीकडे, माझ्यासारखीच. शाळेत दहा वर्षं = या चिन्हाचा अर्थ ‘दोन्ही बाजू सारख्या’ असा घोटून घेतल्यावर एका सकाळी त्याचा अर्थ ‘उजवीकडचं बघून डावीकडे लिही’ असा होतो, तेव्हा गोंधळ होणारच. त्याला डोकं कमी आहे म्हणणं बरोबर नाही.

आणि जर्नल. आम्ही उतरवत होतो हे खरं, पण आळसापेक्षा भीती मोठी होती. फॅक्टोरिअलचा (एकपासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्यांच्या गुणाकाराचा) प्रोग्रॅम आठवतो? टर्बो सीच्या (आम्ही ज्यात सी लिहून चालवायचो त्या सॉफ्टवेअरच्या) त्या निळ्या स्क्रीनवर मी एकदा ५ ऐवजी ८ टाकून बघितलं. उत्तर आलं उणे २५२१६. मी घाबरले. आठ आकडे गुणून उणे कसं येईल? शेजारची म्हणाली, ‘सगळे ५ चंच आउटपुट लावतात, तूही १२० लाव.’ मी लावलं. टर्बो सीमध्ये इंटला (पूर्णांक ठेवायच्या जागेला) सोळा बिट असतात, ३२७६७ च्या पुढे आकडा मावत नाही, ४०३२० मधून ६५५३६ वजा केले की नेमके उणे २५२१६ उरतात, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. त्या दिवशी माझ्यासमोर अख्ख्या युनिटमधला सगळ्यात सुंदर धडा उघडा पडला होता आणि मी तो जर्नलच्या भीतीने झाकून ठेवला. चुकलेल्या आउटपुटला जर्नलमध्ये जागाच नव्हती, सर. ती जागा शिक्षकाने एकट्याने काढलेली नाही हे मान्य, पण ती नव्हती.

केटी सुटली, पण पाठ करून सुटली. विषय समजला तो चाळिशीच्या जवळ आल्यावर, आयआयटी मुंबईचे अभिराम रानडे यांचा पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम एनपीटेलवर (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवर) पाहून. तिथे सुरुवात व्हेरिएबलने होतच नाही. पडद्यावर एक कासव असतं : फॉरवर्ड १००, राइट ९०, हे चार वेळा रिपीट केलं की चौकोन. मग मी त्रिकोण काढायला गेले. त्रिकोणाचा कोन ६० अंश, म्हणून राइट ६०, तीन वेळा. झाला अर्धा षट्कोन! कासव बाहेरच्या कोनातून वळतं, म्हणून १२० हवेत. मला कोणी हसलं नाही, कोणी पुढचा रोल नंबर बोलावला नाही. चूक समोर काढलेली दिसत होती आणि ती कुठून आली तेही दिसत होतं. रात्री साडेअकरा वाजता एकटीच बसून मी रडले, तेव्हा मनात २००१ चं ते ओरल होतं.

एआयबद्दल थोडंच लिहिते. माझी भाची आता पहिल्या वर्षाला आहे. तिने बबल सॉर्ट (शेजारशेजारचे आकडे अदलून क्रम लावायचा प्रोग्रॅम) एआयकडून लिहून घेतला. प्रोग्रॅम बिनचूक होता. ओरलला विचारलं, आतला लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग) प्रत्येक फेरीत एकाने लहान का होतो? तिला सांगता आलं नाही. आम्ही रविवारी वही घेऊन बसलो आणि पाच आकड्यांचं ड्राय रन केलं, प्रत्येक ओळीनंतर कोणाची किंमत काय ते रकान्यांत लिहीत. दुसऱ्या फेरीच्या शेवटी तीच म्हणाली, ‘मावशी, सगळ्यात मोठा आकडा आधीच शेवटी जाऊन बसलाय, मग त्याला परत कशाला बघायचं?’ तो कोड तिला तेव्हा कळला. तुमच्या हिशेबाने ती पन्नासांतली आहे, सर.

माझी तुम्हाला एक विनंती आहे, अगदी मनापासून. बावीस वर्षांत तुम्ही हजारभर तरी पेपर आणि ओरल घेतले असतील. बरोबर उत्तरं सगळ्या गाइडांत मिळतात. चुकलेली तुमच्याजवळ आहेत. लूपमध्ये मुलं कुठे अडखळतात, अॅरे (ओळीने ठेवलेले आकडे) शून्यापासून का मोजायचा यावर काय म्हणतात, पॉइंटरचा (दुसऱ्या जागेचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलचा) तो तारा बघून काय समजतात, जेवढं आठवेल तेवढं मला लिहून पाठवा, हातानं लिहून फोटो काढून पाठवलात तरी चालेल. टाइप मी करेन. प्रत्येक चुकीखाली ‘मुलाने असं का म्हटलं असेल’ हे आपण दोघं मिळून लिहू. ए वीस, बी शून्य ही पहिली नोंद मी आत्ताच करून ठेवते.