शून्य म्हणजे काहीच नाही?

'उगाच क्लिष्ट.' माझ्या एपीआयवर (म्हणजे इतर प्रोग्रॅमना माहिती पुरवणाऱ्या कोडवर) कोड तपासणाऱ्या महाशयांनी एवढाच शेरा मारलाय. पुढे एक हसरा चेहराही.

त्याचं काम काय, तर फोटो कुठे काढला ती जागा फोटोतून काढून द्यायची. पण एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलीतच दडलेल्या माहितीत, अक्षांश हा सरळ आकडा नसतो. अंश, मिनिटं, सेकंद असे तीन अपूर्णांक असतात. म्हणजे अंशालाही अंश आणि छेद! ('अंशाचा अंश तेहतीस' हे मराठीत कुणाला समजावून बघा.) दोन्ही 32 बिटांचे आणि चिन्हाविना, त्यामुळे वजा लिहायची सोयच नाही. उत्तर की दक्षिण, ते अक्षर वेगळ्या टॅगमध्ये, म्हणजे वेगळ्या रकान्यात. सिडनीचा फोटो असेल तर 33/1, 51/1, 3590/100 आणि शेजारी 'एस', म्हणजे साउथ. त्याचे होतात उणे 33.859972. तो 'एस' वाचायचा राहिला की सिडनीकर थेट जपानच्या पूर्वेला, भर पॅसिफिकमध्ये.

महाशयांचा आक्षेप मात्र भलताच.

"जागा नसली की नल, म्हणजे 'माहीत नाही', का देतोस? शून्य-शून्य दे. शून्य म्हणजे काहीच नाही."

"अक्षांश शून्य, रेखांश शून्य म्हणजे आफ्रिकेजवळचं गिनीचं आखात."

"तिथे कोण फोटो काढतंय?"

"कुणीच नाही. तरी जागा न कळलेले जगभरातल्या लग्नांचे फोटो नकाशावर तिथेच बुडालेले दिसतात."

"मग शून्य दिसलं की टाकून द्यायचं!"

"आणि ग्रीनिचला रेषेवर उभं राहून काढलेला फोटो? तिथे रेखांश शून्यच."

"रेषेवर कशाला उभा राहील माणूस?"

अहो, लोक तिथे जातातच त्यासाठी! आता खरं सांगायचं तर जीपीएसचं शून्य त्या जुन्या रेषेच्या सुमारे 102 मीटर पूर्वेला आहे, म्हणजे माझाही दाखला लंगडाच. पण हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मी कशाला सांगू?

हसण्यावारी नेलं तरी राग येतोच. उपग्रह सापडला नाही की काही उपकरणं 0/0 लिहून मोकळी होतात. फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांत) भागाकार केला की 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नाही', असं उत्तर येतं आणि ते बिनबोभाट डेटाबेसपर्यंत जातं. म्हणून आधी छेद तपासायचा. फोटोत जागा लिहिताना आणखी एक खोड: 59.999 सेकंदांना दोन दशांशांवर आणलं की 60.00 होतात, पण मिनिट वाढत नाही. त्यावर उपाय म्हणजे आधी सगळ्याचे शतांश-सेकंद करून पूर्णांकात आणायचे, मग अंश-मिनिटं-सेकंदांत फोडायचे. एक सेकंद म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण 31 मीटर, तेव्हा शतांश पुष्कळ झाले. उंचीला तर अक्षरही नाही, एक बाइट: 0 म्हणजे उंची अधिक, 1 म्हणजे उणे. हे सगळं गिळून वापरणाऱ्याच्या हातात चिन्हासकट दोन दशांश आकडे द्यायचे, नावांसकट. याला क्लिष्ट म्हणायचं!

नावांसकट अशासाठी, की जिओजेसन या नकाशाच्या फाइल-प्रकारात रेखांश आधी आणि लीफलेट या नकाशे दाखवणाऱ्या लायब्ररीत अक्षांश आधी.

आत्ताच महाशयांनी स्वतःची 'सोपी' आवृत्ती पाठवली. अकरा ओळींची. परत काय येतं, तर दोन आकड्यांचा अ‍ॅरे, म्हणजे नावांविना नुसती यादी. पहिला कुठला, ते लिहिलेलं नाही.