मार्टिनकडे वाचकांची थकबाकी आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'अ गेम ऑफ थ्रोन्स'चा लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन याच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी लेखकाची वकिली केली; तो वाचकांच्या पैशावर मोठा झाला, म्हणून त्याच्या मालिकेचं अजून न आलेलं सहावं पुस्तक ही त्याच्याकडची आपली थकबाकी आहे; आणि चाहत्यांतून वर आलेल्या माणसाने फॅन फिक्शनला, म्हणजे दुसऱ्याची पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथांना, विरोध करणं हा दुटप्पीपणा आहे. दोन दिवस हे मुद्दे डोक्यात घोळत होते. त्यातलं जे पटलं ते आधी सांगते.

2005 मध्ये 'अ फीस्ट फॉर क्रोज' हे चौथं पुस्तक आलं. हस्तलिखित आवाक्याबाहेर गेलं म्हणून पात्रांनुसार दोन भाग केले आणि उरलेला भाग पुढच्या वर्षी येईल अशी मनापासून आशा आहे, असं मार्टिनने त्याच पुस्तकाच्या शेवटी लिहिलं होतं. तो भाग, म्हणजे पाचवं पुस्तक, आला जुलै 2011 मध्ये. हे मी लेखात लिहायला हवं होतं, आणि ते राहून गेलं ही माझी चूकच. लेखकाने स्वतः छापून वर्ष सांगितलं, तर वाचक दिवस मोजणारच.

पण 'थकबाकी' हा शब्द मला अजूनही पटत नाही. पुस्तक विकत घेतलं तेव्हा आपण त्या पुस्तकाचे पैसे दिले आणि ते पुस्तक आपल्याला मिळालं. पुढच्या पुस्तकाची ओढ खरी आहे, ती ओढ लावणं हेच तर त्याचं कसब. पण ओढ म्हणजे उधारी नव्हे.

'वाचकांच्या पैशावर मोठा झाला' हेही जरा तपासून पाहू. न्यू जर्सीतल्या बेयॉनमधला हा गोदी कामगाराचा मुलगा. 1971 मध्ये पहिली कथा छापून आली, 1975 मध्ये विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार पहिल्यांदा मिळाला. मग 1983 मध्ये 'द आर्मगेडन रॅग' ही कादंबरी इतकी आपटली की पुढच्या कादंबरीला प्रकाशक मिळेना. पोटापाण्यासाठी तो टीव्हीकडे वळला आणि वर्षानुवर्षं पटकथा लिहीत राहिला. 1991 च्या उन्हाळ्यात दुसरीच कादंबरी लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर बर्फातली लांडग्याची पिल्लं आली, आणि त्यातून 1996 मध्ये 'अ गेम ऑफ थ्रोन्स' उभं राहिलं. तेव्हाही गर्दी नव्हती. सेंट लुइसच्या एका दुकानात तो सह्या द्यायला गेला, तर कुणी आलं नाहीच, उलट कॉफी पीत बसलेले चौघेही उठून गेले, असं तो स्वतः सांगतो. तो पुढच्या पानाकडे वळला तेव्हा आपण कुणीच तिथे नव्हतो.

आता चाहत्यांचा मुद्दा. माझ्या मते सगळ्याचं मूळ इथेच आहे आणि माझ्या लेखात ते घाईत उरकलं गेलं. 1963 मध्ये या शाळकरी पोराचं पत्र 'फँटास्टिक फोर' या कॉमिकच्या अंकात वाचकांच्या पत्रांत छापून आलं. ते वाचून इतर कॉमिकवेड्यांनी त्याला पत्रं लिहिली, फॅन्झिन (चाहत्यांनी काढलेली हौशी मासिकं) पाठवली, आणि तो त्यांत कथा लिहू लागला. 1976 मध्ये कॅन्सस सिटीच्या वर्ल्डकॉनला, म्हणजे विज्ञानकथाप्रेमींच्या जागतिक संमेलनाला, ह्यूगो हुकला तेव्हा लेखक गार्डनर डोझ्वाबरोबर त्याने हरलेल्यांची पार्टी केली. ती पुढे परंपराच झाली. त्याची बायकोसुद्धा त्याला अशाच एका संमेलनात भेटली. हे वर्तुळ त्याचं माहेर आहे.

म्हणूनच तो ब्लॉगवर मोकळेपणाने लिहितो: फुटबॉलचा सामना पाहिला, अमुक ठिकाणी गेलो, प्रकरण अडलंय. पत्रांच्या रकान्यात वाढलेल्या माणसाची ही सवय आहे. आणि नेमक्या याच मोकळेपणाचा पुरावा करून त्याच्यावर खटला चालतो. गप्प बसणाऱ्या लेखकाच्या रविवारचा हिशेब कुणी मागत नाही. 2009 मध्ये त्याने टीकाकारांना उत्तर दिलं, त्यात एक गोष्ट मला फार लागली. तुम्ही साठीचे, जाडे; रॉबर्ट जॉर्डनसारखं आम्हाला अर्ध्यात टाकून जाऊ नका, अशा अर्थाच्या ईमेल त्याला येत होत्या. कादंबरीमालिका अपुरी ठेवून जॉर्डन 2007 मध्ये वारला होता. एका माणसाचं मरण दुसऱ्याला तगादा म्हणून पाठवायचं! तुमची प्रतिक्रिया या जातीची मुळीच नाही, हे आवर्जून सांगते. पण थकबाकीची भाषा एकदा मान्य केली की ती तिथवर जाऊन पोचते, असं मला वाटतं.

फॅन फिक्शनबद्दल. तो तरुणपणी लिहायचा त्या कथांतली पात्रं फॅन्झिनवाल्यांनी स्वतः घडवलेली होती. त्या काळी चाहत्यांनी लिहिलेली कथा एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता, असं त्याचं म्हणणं. शिवाय 1987 पासून त्याने संपादित केलेल्या 'वाइल्ड कार्ड्स' या कथामालिकेत अनेक लेखक एकमेकांची पात्रं वापरतात, पण परवानगीने आणि मोबदला देऊन. मला स्वतःला फॅन फिक्शन आवडतं, कित्येक जणी त्यातूनच लिहायला शिकल्या, आणि इथे त्याने जास्त मोकळं व्हावं असं वाटतं. तरी दुटप्पीपणा मला दिसत नाही.

त्याचं सगळंच मी पाठीशी घालत नाही. 2020 च्या ह्यूगो सोहळ्याचं सूत्रसंचालन करताना त्याने नामांकन मिळालेल्या लेखकांची नावं चुकीची उच्चारली आणि ज्याचं नाव आदल्याच वर्षी पुरस्कारावरून काढलं होतं त्या जुन्या संपादक जॉन कॅम्पबेलच्या आठवणी रंगवून सांगितल्या. चुकलेल्या नावांबद्दल त्याने माफी मागितली. पण तिथे चाहत्यांचा राग रास्त होता, कारण घरच्याच नव्या माणसांना त्याने परक्यासारखं वागवलं.

पाचवं पुस्तक मी 2012 मध्ये संपवलं. माझ्या मुलीचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, आणि आता ती माझ्या कपाटातून पहिला भाग काढून वाचायला बसली आहे. शेवट आहे का, असं तिने विचारलं. अजून नाही म्हटलं, तरी तिने पान उलटलं.

2005 च्या त्या टिपेचा परिच्छेद मूळ लेखात आज रात्री घालते आहे. वाचून पुन्हा लिहा.