येऊ द्या, येऊ द्या... बास!

मिक्सरच्या भांड्याच्या झाकणाचं रबर बाजारात ४० रुपयांना मिळतं. मला ते परवा १,०६० रुपयांना पडलं. यात गाडीच्या काचेचं रबर धरलेलं नाही. ते अजून बसवायचंय.

हकिगत एवढीशीच. १ ऑगस्टला सकाळी अकराच्या सुमारास सांगलीतल्या पेठेत एका रस्त्याला (नाव सांगत नाही, मला तिथं परत जायचंय) गाडी लावली, समोरच्या दुकानात शिरलो, तेरा-चौदा मिनिटांत रबर घेऊन बाहेर आलो, तर गाडी नाही. पावसाची भुरभुर नुकतीच सुरू झाली होती. सगळा रस्ता ओला आणि माझी गाडी होती तिथं तेवढा गाडीएवढा कोरडा चौकोन. त्याच्यावर एकेक थेंब पडत होता. मी छत्री धरून त्या चौकोनाकडं बघत उभा राहिलो. चौकोनाच्या मागच्या कडेपासून वीतभर लांबीचे दोन काळे ओरखडे.

“न्हेली की,” मागून आवाज आला.

टेलरिंगच्या दुकानाच्या पत्र्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत एक पाय वर घेऊन बसलेले गृहस्थ. हातात भडंगाचा कागद. यांना मी ओळखत होतो, म्हणजे पंधरा मिनिटांपूर्वीपासून ओळखत होतो. मी गाडी मागे घेत होतो तेव्हा हेच खुर्चीतून उठून रस्त्यात आले होते. “येऊ द्या, येऊ द्या, जरा डावं मारा, येऊ द्या... बास!” असं म्हणून त्यांनी डिकीवर दोन थापा मारल्या होत्या. त्या थापांनी मी इतका भारावलो होतो, की दुकानात शिरता शिरता बायकोला फोन करून, गावात अजून माणुसकी शिल्लक आहे असं सांगितलं होतं. फोन केलाच नसता तर बरं झालं असतं. ते वाक्य आता घरात रोज एकदा तरी मला परत ऐकवलं जातं.

“कुणी नेली?”

“क्रेननं.” त्यांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं. “अकरा तेराला सुटली.”

सुटली! उचलली नाही, नेली नाही, सुटली. इथं मला शंका यायला हवी होती. गृहस्थ एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. तासगाव डेपोला बत्तीस वर्षं. कंडक्टरला मास्तर म्हणायची आपल्याकडची पद्धत. सगळी गल्ली त्यांना मास्तरच म्हणते. दुकान पुतण्याचं, खुर्ची मास्तरांची.

“अहो मास्तर, मग हाक नाही का मारायची? मी समोरच होतो.”

“तुमी कुटल्या दुकानात शिरलाय मला काय म्हाईत? मी गाडी लावताना बगतो. मानूस कुटं जातंय ते बगत न्हाई. लोकांच्या भानगडीत आपण पडत न्हाई.”

“ते कर्ण्यावरून नंबर पुकारतात ना?”

“पुकारला की. दोनदा. पन त्येंचा कर्णा बिगडलाय. नुसतं घर्र घर्र दहा घर्र, असं आलं. दहा तर हितं समद्यांचंच हाय.”

हे खरं. एमएच १० म्हणजे अख्खा सांगली जिल्हा. घर्र घर्र दहा ऐकून कुणी पळत यायचं म्हटलं तर शिराळ्यापासून जतपर्यंत सगळ्यांनीच पळायला पाहिजे.

मास्तरांनी भडंगाचा कागद खुर्चीच्या हातावर ठेवला आणि उभे राहिले. गोष्ट बसून सांगण्यासारखी नव्हती.

“त्याचं काय झालं, क्रेनचा डायवर नवीन हुता. रिवर्स घ्यालाय आन मागं बगायला कुनी न्हाई. पोरं नुसती लोंबकाळल्याली. मागं ही नारळाची हातगाडी. म्हटलं, आता हानतंय. मग काय, उटलो.”

“उठून काय केलंत?”

“येऊ दे, येऊ दे, उजवं मार, येऊ दे... बास!” त्यांनी भर पावसात, रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हातांनी ती अदृश्य क्रेन मागं आणून माझ्या अदृश्य गाडीच्या नाकापाशी थांबवली. मागून येणारा एक खराखुरा दुचाकीवालाही थांबला. “एका दमात! तुमच्या गाडीला बोट लागलं न्हाई.”

“म्हणजे माझी गाडी उचलायला तुम्ही मदत केलीत?”

मास्तर दुखावले. “मदत कसली वो? रिवर्स दावला. गाडी मागं यायला लागली की मागं मानूस पायजे. ती कुनाचीबी असू दे. बत्तीस वर्सं केलं, एका गाडीला पोचा न्हाई.”

यावर काय बोलणार? माणूस तत्त्वाचा होता. मला मागं घेताना त्यांनी जी निष्ठा दाखवली तीच क्रेनला दाखवली. उद्या यमाचा रेडा पेठेत मागं वळायला लागला तर मास्तर खुर्चीतून उठतील आणि “येऊ दे, शिंग सांभाळ” म्हणतील.

“आन एक सांगू का,” त्यांचा आवाज जरा कडक झाला, “तुमी हॅन्डब्रेक लावून गेलावता.”

गाडी लावताना हॅन्डब्रेक लावतात, यात माझी चूक काय हे मला आजही कळलेलं नाही. पण त्या सुरापुढं मी ओशाळलो.

“म्होरनं उचलली, तर मागची चाकं फिरंनात. पोरं तशीच वडाय लागली. म्हटलं, थांबा रं, टायर जातील गरिबाचे.”

गरिबाचे! माझी गाडी चौदा वर्षांची आहे, मान्य. पण.

“दार उगडल्याबिगर ब्रेक कसा सोडनार? त्येंच्याकडं पट्टी न्हाई. नवीन पोरं, सामान नसतंय काय नसतंय. मग ह्येची दिली.” त्यांनी मान मागं टाकून पुतण्याकडं दाखवलं. पुतण्या दुकानात कुणाच्या तरी पँटच्या कापडावर लोखंडी पट्टी धरून खडूनं रेघ मारत होता. “काचंच्या फटीतनं आत घातली, खटका वर. दोन मिंटं लागली न्हाईत.”

मी जवळ जाऊन बघितलं. पट्टीच्या टोकाला, शून्याच्या खुणेपाशी, काळ्या रबराचा एक तुकडा चिकटला होता. करंगळीच्या नखाएवढा. माझ्या हातात मिक्सरच्या रबराची पिशवी, समोर माझ्या काचेचं रबर, आणि त्याच्या बाजूनं कुणाच्या तरी पँटची कंबर आखली जात होती.

“पोलीस होते का बरोबर?”

“हुते की. क्यॅबिनमदी. पावसाचं खाली कशाला उतरतील? खिडकीतनं फोटो घेतला.”

“आणि ही?” माझ्या चौकोनाला लागून एक दांडगी पांढरी गाडी उभी होती. काचा काळ्या, नंबरप्लेटवर आकड्यांपेक्षा ‘दादा’ मोठं. माझी गाडी चुकीच्या बाजूला होती, तर हीसुद्धा त्याच बाजूला होती. तिच्यापुढं आणखी दोन होत्या. “ही नाही उचलली ती?”

मास्तरांनी माझ्याकडं लहान मुलाकडं बघावं तसं बघितलं. “ती जड हाय,” ते म्हणाले.

मग त्यांनी भडंगाचा कागद पुढं केला. मी बकाणा भरला. सगळ्या प्रकरणात मला स्वतःचा सर्वांत जास्त राग कशाचा येत असेल तर तो या बकाण्याचा. लसूण छान लागला होता.

आता चुकीच्या बाजूबद्दल. त्या रस्त्याला सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावायच्या. आदल्या दिवशी मी याच रबरासाठी आलो होतो, गाडी उजव्या बाजूला लावली होती, कुणी काही म्हटलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, उद्या या. उद्या आलो, गाडी डाव्या बाजूला लावली. काल उजवी तर आज डावी. पण काल होती ३१ आणि आज १, आणि दोन्ही विषम. हा घोळ वर्षातून सात वेळा होतो, लीप वर्षात आठ वेळा, कारण २९ फेब्रुवारीनंतरही १ तारीखच येते. बोटांवर मोजून बघा. मी मोजलंय, रिक्षात बसून, दुसरं काम नव्हतं.

फलक वाचायचा होता, असं तुम्ही म्हणाल. फलक आहे. त्याच्यावर एका भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलाय. भाऊ गॉगल लावून, हात जोडून, एकवीस शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांसह उभे आहेत आणि त्यांच्या कोपराखालून फलकाच्या बाणाचं फक्त शेपूट दिसतं. वाढदिवस होऊन गेलाय. त्या फ्लेक्सला क्रेन लागत नाही, सुतळी कापायला एक ब्लेड पुरतं, पण तो बहुतेक जड असावा.

मला खरा राग दंडाचा नाही. सांगलीच्या माणसाला, गाडी हलवा म्हटलं तर तो हलवतो. आमचं आयुष्य त्यात गेलंय. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. पाणी कुठं पोचलं हे फुटाफुटानं फोनवर येत राहतं. कोयनेतून किती सोडलं, कधी पोचेल, सगळं. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हाही हीच गाडी मी वेळेत विश्रामबागला नेऊन मेव्हण्याच्या दारात लावली होती आणि टपावर पोरांची दप्तरं बांधली होती. महापुरानं मला दोन दिवस दिले. क्रेननं दोन मिनिटं दिली नाहीत. नदीला अक्कल आहे म्हणायची.

आणि बघे! बाहेर आलो तेव्हा नारळवाला, टेलर, पानपट्टीतले दोघं, एक शाळकरी पोरगा, सगळे गाडी गेली त्या दिशेला बघत उभे होते. एकानं हाक मारली नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात मराठी नाटकाचा पाया घातला. तेव्हापासून आम्ही प्रयोग चालू असताना मधे बोलत नाही.

रिक्षावाल्यानं मला बघूनच ओळखलं. कुठं जायचं विचारलंही नाही. “लहान का मोठी?” एवढंच विचारलं. मोठी म्हटल्यावर त्यानं १२० सांगितले आणि मी घासाघीस केली नाही. त्या रिक्षात बसणारा कुणीच करत नसणार.

गाड्या ठेवायचं ठिकाण म्हणजे तारेचं कुंपण, चिखल, पत्र्याची एक खोली. ठेकेदारानं कामाला ठेवलेला पोरगा मोबाइलवर क्रिकेट बघत होता. दंड ५००, त्याचं चलन फोनवर आलेलं. ते तिथंच भरलं. क्रेनचे वेगळे, ६००. पावती मागितली तर म्हणाला, पावतीपुस्तक संपलंय, पावती नको असंल तर ४००. म्हणजे पुस्तक संपल्यामुळं मला दोनशेचा फायदा होता. मी घेतला. हेही इथं लिहून ठेवतो, नाहीतर मला फार सोवळा समजाल.

मग त्यानं एक छापील कागद पुढं केला. ‘वाहन सुस्थितीत मिळाले. कोणतेही नुकसान झालेले नाही.’ खाली सही.

“आधी गाडी बघतो की.”

“सही केल्याशिवाय आत सोडत न्हाई.”

“अहो, बघितल्याशिवाय सुस्थितीत आहे हे मी कसं लिहू?”

“तुमी कुटं लिवायलाय? छापलंय की ते.”

मी सही केली. केली म्हणजे काय, पाऊस वाढला होता, घरून मिक्सरसाठी दोन फोन येऊन गेले होते, आणि भांडायला उभं राहायचं तर कुणापुढं? तो पोरगा रोजंदारीवरचा, पोलीसदादा केबिनमधले, ठेकेदार कोण हे त्या पोरालाही धड माहीत नव्हतं. आत जाऊन बघितलं तर पुढचा बंपर डाव्या बाजूनं सुटून लोंबत होता आणि ड्रायव्हरच्या काचेचं रबर फाटून आतल्या सीटवर पाणी. मास्तरांची पट्टी. सुस्थितीत.

रात्री मोटार वाहन कायदा, १९८८ काढून बसलो. कलम १२७. मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी ओढून न्यायची परवानगी गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो आणि ओढण्याचा खर्च मालकाच्या माथी. गणवेश असावा असं लिहिलंय. तो ओला व्हावा असं लिहिलेलं नाही. फाटक्या रबराचा खर्च कुणी द्यायचा यावर मी दोनदा वाचूनही काही सापडलं नाही. तक्रार मात्र केली, फलक फ्लेक्सनं झाकला होता म्हणून. पुरावा जोडा, असं उत्तर आलं.

पुरावा म्हणून मी त्यांच्याच चलनातला फोटो उघडला. क्रेनच्या खिडकीतून घेतलेला, काचेवरच्या थेंबांतून. भाऊ आलेत, पण गॉगलच्या वरचे. फलक होता तो कोपरा कापला गेलाय. माझी गाडी नाक वर करून अर्धी उचललेली, नंबर स्वच्छ. आणि उजव्या कडेला, खांद्यापासून तळव्यापर्यंत लख्ख दिसणारा एक हात. बोटं मिटून आपल्याकडं वळलेली, येऊ दे, येऊ दे, अशी. दुसऱ्या हातातला भडंगाचा कागद जरासुद्धा तिरका झालेला नाही.