लग्न लावलं की सुधारेल म्हणे

यंदा गणपतीला गुहागरजवळच्या आमच्या गावी गेलो, तेव्हा पडवीत एकच विषय होता: चुलतभावाच्या मुलाचं लग्न. पोरगा सत्तावीसचा. हापूसची कलमं बांधण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, कोकण रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ, आणि पावसाळी वेळापत्रक लागलं की दोन दिवस बिथरलेला. जाखडी नाचाचा मृदंग सुरू झाला तसा तो उठला आणि मागच्या विहिरीवर जाऊन बसला. लहानपणीच डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलेला, मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतात तो. मुलीकडच्यांना हे सांगायचं की नाही, यावरून घरात दोन तट पडले होते. वहिनीचं म्हणणं, "गावातल्या धडधाकट पोरांना मुली मिळत नाहीत, त्यात हे कशाला काढायचं?" काकांचं तर ठरलेलंच, "लग्न लावून टाका, सुधारेल आपोआप." मग माझ्याकडे वळून, "तुमच्या इंग्लंडात बरं असतं, नाही का रे?"

मी काय बोलणार! लीड्समध्ये राहतो आणि यंदाच, एक्केचाळिसाव्या वर्षी, मलाही तोच शिक्का मिळाला. त्यासाठी दोन वर्षं रांगेत होतो. इथल्या अधिकृत शिफारशीप्रमाणे तपासणी तीन महिन्यांत सुरू व्हायला हवी. इंग्लंडने प्रौढ ऑटिस्टिक माणसांसाठी २००९ साली वेगळा कायदा केला, कागद सगळे जागेवर आहेत. पण निदानानंतरच्या गटात भेटलेला माझा पन्नाशीचा मित्र रविवारी एकटाच जेवतो. इथे ओळख वाढते ती आडवळणाने. "भेटू या कधीतरी" म्हणजे भेटायचं नाही, हे कळायला मला तीन वर्षं लागली. प्रेमात पडणाऱ्याला तर अशीच वाक्यं दिवसभर सोडवावी लागतात.

त्यामानाने कांदेपोहे! इथले मित्र हसतात, पण मला तो कार्यक्रम फार सोयीचा गेला. वेळ ठरलेली, माणसं ठरलेली, प्रश्नही ठरलेले. नजरेला नजर भिडवायची सक्ती नाही; खाली बघत बसलो तर "मुलगा सालस आहे" म्हणाले. पंधरा मिनिटांत पास. ठरवून लग्न करण्याची आपली पद्धत सगळ्यांना सांभाळून घेते, असं पडवीत म्हणतात ते मला अर्धं पटतं.

अर्धंच. निदानाचा कागद बायकोला दाखवला. ती बराच वेळ वाचत बसली. मग म्हणाली, "आधी कळलं असतं तरी हो म्हटलं असतं. पण बारा वर्षं मला वाटायचं, मीच तुला आवडत नाही." तिच्या माहेरच्या प्रत्येक कार्यातून मी मध्येच उठून बाहेर गेलो होतो, आणि ते सगळं तिने स्वतःच्या नावावर मांडलं होतं. माझ्या वेळी कुणालाच काही ठाऊक नव्हतं. पुतण्याचं तसं नाही. त्याचा दाखला वहिनीच्या कपाटात आहे. २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम येतो. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली लग्न रद्द करून मागता येतं, असं सांगितल्यावर काका पहिल्यांदा गप्प झाले. मला कोर्टापेक्षा त्या मुलीची बारा वर्षं दिसत होती.

स्वमग्न हा शब्दही मला खटकतो. हा पोरगा स्वतःत कुठे मग्न असतो? कलमांत असतो, गाड्यांच्या वेळांत असतो. डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, २०१२ साली मांडलं की ऑटिस्टिक माणसं आणि इतर यांच्यात न उमगणं दोन्ही बाजूंनी असतं. आमचा पोरगा विहिरीवर का जातो हे पडवीतल्या एकालाही उमगलं नव्हतं, पण बोल लागायचा तो त्यालाच.

आणि एवढ्या काथ्याकुटात नवरदेवाला कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी मीच विहिरीवर गेलो. "लग्न करायचंय काका," तो म्हणाला, "पण ती सरळ बोलेल ना?" मुलीला काय काय सांगायचं ते लिहून काढ, म्हटलं.

मी लीड्सला परतल्यावर यादी आली. पहिलीच ओळ अशी: ढोल वाजला की मी विहिरीवर जातो, तू आलीस तरी चालेल, पण तिथे बोलायचं नाही.