डमीचा खोकला

पत्त्यांच्या ब्रिजमध्ये हौसेने कोणी डिक्लेअरर होत नाही, ते गळ्यात पडतं. शेवटी जी बोली ठरते तिचा रंग दोघा भिडूंपैकी ज्याने आधी उच्चारला, डाव त्यानेच खेळायचा. रविवारी कॉलेज रोडला वकीलकाकांच्या गच्चीवर मी भीत भीत 'एक नो ट्रंप' (म्हणजे हुकूम कुठलाच नाही) म्हणालो. माझे भिडू काका, त्यांनी थेट तीन केले, म्हणजे सहा अधिक तीन हात. बाकीचे पास. पहिलं पान पडताच काकांनी आपली 13 पानं टेबलावर उघडी मांडली आणि ते डमी झाले; त्यांची पानंही मीच मागायची. म्हणजे मोकळे! नाशिक नऊ टेकांवर वसलं म्हणतात. मला आता नऊ हात उभे करायचे होते, तेही एकट्याने.

ते पहिलं पान, म्हणजे उतारी, डावीकडून डॉक्टरबाईंची: बदामाची सत्ती. इथे अकराचा नियम: उतारीचं पान त्या रंगातलं वरून चौथं असेल, तर 11 मधून 7 वजा करा, सत्तीहून मोठी चार पानं उरलेल्या तिघांकडे. वजाबाकी जमली. पक्के हात मोजले, आठ भरले. नववा अडला किलवरात. डमीकडे एक्का-राणी, राजा बाहेर. तो डॉक्टरबाईंकडे असेल तर राणीचा हात होतो, उजवीकडच्या प्रोफेसरांकडे असेल तर बोंबला. 50 टक्के.

डिक्लेअररचा खेळ बघायला डमीने जागा सोडू नये, विरोधकांची पानं तर बघूच नयेत, असा कायदा आहे. पण चिवड्याचा डबा होता डॉक्टरबाईंच्या खुर्चीमागे, आणि भूक काही कायदा जाणत नाही (वकिलांचीसुद्धा). काकांनी मूठभर चिवडा आणला, बसले, आणि मी किलवरची तिर्री टाकताच जोरात खोकले.

आता आली का पंचाईत! राणी मागावी तर म्हणणार, खूण केली. एक्का मागावा तर म्हणणार, घाबरला.

"काका, खोकला कधीपासून आहे?" पंजी टाकत डॉक्टरबाईंनी विचारलं.

"राणी," मी म्हणालो.

प्रोफेसरांनी शांतपणे तिच्यावर राजा ठेवला. काकांच्या घशात खरोखरच मिरची अडकली होती.

एका हाताने बुडालो. मग पंचनामा. प्रोफेसरांकडे किलवरचा तो राजा एकटाच निघाला. "अरे, एक्का मारला असतास तर आपोआप पडला असता!" पाण्याचा घोट घेत काका म्हणाले. चारही हात उघडे पडल्यावर काकांना फार लांबचं दिसतं.

पुढच्या डावात ते 'एक इस्पिक' म्हणाले. मी ताबडतोब चार केले आणि चिवडा कितपत उरलाय ते बघितलं.