वॉर्डनच्या छातीवरचा कॅमेरा आणि पातेल्यांचं तिकीट

इंग्लंडमधल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतोय. पार्किंग वॉर्डनच्या छातीवरचा कॅमेरा बंद असेल तर तिकीट, म्हणजे दंडाची चिठ्ठी, बेकायदा. तुमच्या परवानगीशिवाय त्याला चित्रण करता येत नाही. चित्रण मागा, महिन्यात मिळालं नाही की दंड आपोआप रद्द. आणि हे कॅमेरे आणलेत तेच मुळी जास्त तिकिटं फाडायला. शेवटी नेहमीचं “जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा”.

पोचला. आमच्या ओळखीतल्या एका काकांपर्यंतही पोचला. दिवाळीच्या कार्यक्रमाला हॉलच्या दारात गाडी थांबवून ते मसालेभाताची पातेली उतरवत होते. दुसरं पातेलं आत ठेवून येईपर्यंत काचेवर तिकीट. रस्त्याकडेला डबल यलो, म्हणजे पार्किंगला मनाई सांगणाऱ्या दोन पिवळ्या रेघा. काकांनी मजकूर उघडला आणि काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, पत्र धाडलं: त्या वेळचं कॅमेऱ्यातलं चित्रण द्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की चित्रण नाही, कॅमेरा चालूच केला नव्हता. काका खूश. “बघ, तिकीट बाद!”

तिकीट बाद झालेलं नाही. का, ते सांगतो. (हे इंग्लंडमधल्या काउन्सिलच्या तिकिटांपुरतं. सुपरमार्केटच्या आवारातल्या खासगी कंपनीचं तिकीटही काउन्सिलच्या तिकिटासारखं ‘पीसीएन’च म्हणवतं, पण तो कराराचा मामला, त्याचे नियम आणि अपिलाच्या जागा वेगळ्या.)

कॅमेरा आणि तिकीट यांचा संबंध लोकांना वाटतो तेवढा नाही. १९९१ च्या कायद्याने पार्किंगचा दंड पोलिसांकडून काउन्सिलकडे जायला सुरुवात झाली. २००४ च्या कायद्याखाली ३१ मार्च २००८ पासून या माणसाचं अधिकृत नाव सिव्हिल एन्फोर्समेंट ऑफिसर झालं. आपण अजून वॉर्डनच म्हणतो. त्याचं तिकीट उभं राहतं ते त्याने काय पाहिलं यावर: कुठली रेघ, फलकावरची वेळ, काचेत परमिट होतं का. त्यासाठी त्याच्या हातातल्या यंत्रात फोटो आणि नोंदी असतात. छातीवरचा कॅमेरा असतो तो भांडणासाठी. वॉर्डनवर थुंकणं, धक्काबुक्की, अंगावर गाडी घालणं हे प्रकार इथे नवे नाहीत. काकांशी कुणी भांडलंच नाही, म्हणून कॅमेरा चालू झाला नाही. नियमाप्रमाणे तो बंदच असायला हवा होता.

पार्किंग दंडाच्या २०२२ च्या नियमांत तिकिटाविरुद्धची कारणं दिलेली आहेत: नियमभंग घडलाच नाही, मालक मी नव्हतो, गाडी चोरीला गेली होती, दंड जास्त लावला, काउन्सिलने प्रक्रिया पाळली नाही वगैरे. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा हे शेवटचं कारण ताणलंय. पण प्रक्रिया म्हणजे त्या नियमांनी सांगितलेली प्रक्रिया, आणि तिकिटाच्या वेळी बॉडी कॅमेरा चालू हवा असं त्यात कुठेही नाही. एक अपवाद ध्यानात ठेवा. तिकीट तयार होत असताना कुणी गाडी पळवली किंवा वॉर्डनला अडवलं, तर ते पोस्टाने येऊ शकतं. तिथे मात्र छातीवरचं चित्रण काउन्सिलच्या कामी येतं.

हा घोळ भारतातून आला असावा अशी मला दाट शंका आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७अ मध्ये बॉडी कॅमेरा हे स्पीड गन आणि सीसीटीव्हीच्या रांगेतलं, चलानासाठीचं यंत्र म्हणूनच मोजलंय, आणि चुकीच्या जागी पार्किंगही त्या यादीत आहे. पुण्यात भावाने सांगितलेलं लेस्टरमध्ये लागू होईलच असं नाही.

परवानगीचं म्हणाल तर काउन्सिलला तुमची संमती लागत नाही. सार्वजनिक काम हा तिचा कायदेशीर आधार. पण इथे मजकूर अर्धा बरोबर आहे. डेटा संरक्षणाच्या कायद्याखाली कॅमेरा दिवसभर सरसकट चालू ठेवता येत नाही, चित्रण चालू आहे हे लोकांना कळायला हवं, आणि आवाज टिपायचा तर त्याचं वेगळं समर्थन लागतं. हे पाळलं नसेल तर जरूर तक्रार करा, आधी काउन्सिलकडे, मग माहिती आयुक्तांच्या कार्यालयाकडे. त्या तक्रारीने तिकीट मात्र जात नाही.

सगळ्यात महागात पडणारा दावा तिसरा. स्वतःचं चित्रण मागायचा हक्क खरा आहे, फुकट आहे, आणि काउन्सिलने साधारण महिन्याभरात उत्तर द्यायचं असतं. (मागायचं तर लगेच मागा, अनेक ठिकाणी महिनाभराने ते पुसलं जातं.) उशीर झाला तर दंड रद्द होतो हे मात्र कुठल्याही कायद्यात नाही. आता तारखा जोडून बघा. निम्म्या दंडाची सवलत १४ दिवसांची. लंडनबाहेर बहुतेक ठिकाणी डबल यलोचं तिकीट ७० पौंड, १४ दिवसांत ३५. काका तीन आठवडे चित्रणाची वाट बघत बसले. तिकिटाला आक्षेप म्हणून त्याच १४ दिवसांत चार ओळी लिहिल्या असत्या, तर तो फेटाळूनही काउन्सिलने सवलत पुन्हा द्यावी असं सरकारी मार्गदर्शन आहे. चित्रणाची मागणी हा आक्षेप नव्हे. दोन्हींची टेबलं वेगळी.

जास्त तिकिटांसाठी कॅमेरे? वर सांगितलं, कॅमेऱ्याने तिकीट फाडलं जात नाही. वॉर्डनचा मोबदला तिकिटांच्या संख्येवर ठरवू नये असंही मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय.

माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती मजकुरात नाहीच. बटण वॉर्डनच्या हातात असतं. बऱ्याच कॅमेऱ्यांत बटण दाबण्याआधीची काही सेकंदं राहतात, पण वाद त्याच्याही आधी सुरू झालेला असू शकतो. तो तुसडेपणाने बोलला, तुम्ही चढ्या आवाजात उत्तर दिलंत, मग बटण दाबलं गेलं, की चित्रणात भांडखोर तुम्हीच. बटण केव्हा दाबायचं याचा काउन्सिलचा नियम काय, हे माहिती अधिकारात विचारता येतं. असा मजकूर फिरवा, मीही पुढे पाठवेन.

राहता राहिली पातेली. डबल यलोवर पार्किंगला मनाई असली तरी बहुतेक ठिकाणी जड सामान सलग उतरवायला थांबता येतं, फक्त कडेच्या दगडावर पिवळे आडवे पट्टे नसावेत. काकांच्या पत्रात मसालेभाताचा उल्लेख एकाही ओळीत नाही. आता त्यांना ‘नोटीस टू ओनर’, म्हणजे गाडीच्या मालकाला काउन्सिलची रीतसर नोटीस, आलीय, उत्तराला २८ दिवस आहेत, नकार आला तर पुढे ट्रायब्युनलकडे अपील. हॉलच्या बुकिंगची पावती सापडलीय. दगडावर पट्टे आहेत का ते बघायला रविवारी मी जातोय, आणि पातेली किती लिटरची होती ते काकू लिहून देणार आहेत.